शिवेचा धोंडा

कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आपल्या पुराणपत्र मंडळाचे कार्याध्यक्ष, माननीय अॅडव्होकेट केदार खांबेटे. प्रमुख पाहुणे, निंबोळे गावच्या पंचशताब्दी यात्रा समितीचे अध्यक्ष, बांधकाम व्यावसायिक आणि हल्ली चौकाचौकातल्या फलकांवरून आपल्या सर्वांना हात जोडणारे माननीय विश्वजीतराव गव्हाळे पाटील. आजच्या सत्कारमूर्ती श्रीमती श्यामला खासनीस. मंडळाचे आजीव सभासद, म्हणजे वर्गणी एकदाच भरून आम्हाला आयुष्यभर सूचना करणारे. समोर बसलेले रसिक, आणि मागे दाराशी उभं राहून बटाटेवड्यांचा अंदाज घेणारे रसिक, सर्वांना माझा नमस्कार.

सूत्रसंचालकांनी मला सात मिनिटं दिली आहेत. कार्याध्यक्षांनी जिन्यातच गाठून "श्रीनिवास, गोड बोला" असं बजावलं आहे. सदतीस वर्षं या मंडळात मी गोडच बोलत आलो. म्हणून तर अजून खुर्चीवर आहे. श्यामलाताई छत्तीस वर्षं खरं बोलत आल्या आणि आज आपण त्यांना निरोप देतो आहोत. वयोमानानुसार, असं निमंत्रणपत्रिकेत छापलं आहे. आमच्याकडे वयोमानसुद्धा सोयीने येतं. ताई माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, तरी त्यांचं वेळेवर आलं. माझं पुढे ढकललं गेलं. ते का, हे ओघात येईलच.

आपलं मंडळ बुधवार पेठेत, पहिल्या मजल्यावर. खाली रिमोट आणि चार्जर दुरुस्त करणारं दुकान. खालचा माणूस वस्तू बिघडलेली असेल तर तोंडावर सांगतो, "टाकून द्या." वर आम्ही समिती नेमतो. या इमारतीत वरच्या मजल्यावर बसून खालच्या माणसासारखं बोलणारी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे श्यामलाताई. लोक आजोबांच्या पेटीतले मोडीतले कागद घेऊन त्यांच्याकडे येत. बहुतेकांना सरदार घराणं हवं असे. एक गृहस्थ मला आठवतात, टाय बांधून आले होते. म्हणाले, "आमच्या घराण्यात सरदार होते, एवढा उल्लेख मिळाला तरी पुरे." बाईंनी भिंगावरून मान वर न करता सांगितलं, "सरदारांचा उल्लेख आहे. त्यांचा घोडा तुमच्या पूर्वजांनी पळवला होता."

ते गृहस्थ आजीव सभासद होणार होते. राहिलं.

तर, निरोपाच्या भाषणात सत्कारमूर्तींच्या कार्याचा आढावा घ्यायचा असतो. त्यांनी वाचलेल्या चार हजार कागदांचा आढावा सात मिनिटांत कसा घेणार? मी एकाच कागदाचं बोलतो. प्रमुख पाहुणे आज ज्या कारणासाठी इथे आले आहेत, तो कागद. विश्वजीतराव, पाणी घ्या, ग्लास आपल्यासाठीच ठेवला आहे.

निंबोळे आपल्यापैकी ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मांजरीच्या पुढे ऊस संपून टॉवर सुरू होतात, तिथलं हे गाव. आता पुण्यातच आलं आहे. दर चैत्रात, वद्य अष्टमीला, तिथे धोंड्याची यात्रा भरते. गव्हाळे पाटलांच्या घरातला कर्ता पुरुष डोक्यावर एक धोंडा घेऊन अनवाणी गावाला फेरी घालतो. दारोदारी थांबतो. घरची बाई त्याच्या कपाळाला हळद लावते. भोवतीचे लोक ओरडतात, "चुकोबाच्या नावानं चांगभलं!" हा चुकोबा कोण, असं आपण विचाराल. मीही विचारलं होतं. समितीच्या पुस्तिकेत लिहिलं आहे की चुकोबा हे शंकराचं एक अप्रसिद्ध रूप. अप्रसिद्ध हे खरंच. त्याचं देऊळ मात्र विश्वजीतरावांच्या गृहप्रकल्पाच्या फाटकात ग्रॅनाइटमध्ये बांधलेलं आहे. बाराशे सदनिकांना दर्शनाची सोय.

गेल्या वर्षी जानेवारीत विश्वजीतराव मंडळात आले. सोबत लाल कापडात बांधलेला एक कागद होता. बाईंच्या टेबलावर ठेवून म्हणाले, "मॅडम, आमच्या आज्याच्या पेटीत निघाला. यात्रेला यंदा पाचशे वर्षं होतात. राजानं आमच्या मूळ पुरुषाला शिवाचा धोंडा डोक्यावर घ्यायचा मान दिला, त्याची ही सनद आहे. तेवढं फक्त लेटरहेडवर लिहून द्या."

बाई म्हणाल्या, "आपण वाचलाय?"

"आम्हाला कुठं मोडी येतीय."

"मग सनद आहे हे कसं कळलं?"

"आता पाटलाच्या पेटीत दुसरं काय असणार?"

"ठेवून जा," बाई म्हणाल्या. "काय लिहिलंय ते लिहून देईन."

अकरा दिवसांनी त्यांनी विश्वजीतरावांना बोलावून घेतलं. मी पलीकडच्या टेबलावर होतो. सूची करत होतो, म्हणजे ऐकत होतो.

तो कागद सनद नव्हता. तो महजर होता. महजर म्हणजे गावची सगळी मंडळी बसून, साक्षी घेऊन जो निवाडा करत, त्याचा लेख. मूळ निवाडा निजामशाहीच्या आरंभीचा, हातात होती ती नंतर कोणीतरी निगुतीने केलेली नक्कल. खाली ज्याच्या त्याच्या निशाण्या होत्या. शेतकऱ्यांचे नांगर, न्हाव्याचा आरसा, सुताराची पटाशी. त्या काळचं एक अख्खं गाव त्या कागदाच्या पायथ्याशी उभं होतं. बाईंनी वाचायला सुरुवात केली. त्या कागद वाचताना आवाज चढवत नाहीत. बसचं वेळापत्रक वाचावं तसं वाचतात.

"पाटील मजकूर याणे शिवेचा धोंडा उपटोन ओढियापलीकडे रोविला. ओढा बांधोन पाणी आपले मळियास नेले. खालील आळीची पिके वाळली, गुरे मेली. गोत बैसोन पाटलास पुसिले. मान्य जाले. दंड येणेप्रमाणे. दरसाल याच दिवशी तोच धोंडा अनवाणी शिरी घेऊन शिवेभोवते फिरावे. घरोघर उभे राहोन 'चुकलो बा' म्हणावे. घरधनिणीने ओढियाचा चिखल कपाळास लावावा. हे वंशपरंपरेने चालवावे. ओढा मोकळा असावा."

संपलं. बाईंनी भिंग खाली ठेवलं.

आपल्या लक्षात आलं ना? पाचशे वर्षं ज्याला आपण मान म्हणत होतो, तो दंड होता. शिवेचा धोंडा, म्हणजे गावाच्या हद्दीचा दगड. पाटलाने हद्द सरकवली म्हणून तोच दगड त्याच्या डोक्यावर दिला. दरवर्षी करता करता मूळ गुन्हा लोक विसरले, डोक्यावरचा दगड मात्र राहिला. डोक्यावर काही घेतलेला माणूस दिसला की आपल्याकडे लोक आपोआप हात जोडतात. चिखलाची हळद झाली. आणि "चुकलो बा" म्हणता म्हणता चुकोबा झाला. माफीचा देव झाला, त्याला ग्रॅनाइटचं देऊळ झालं. माणसाने केलेली चूक इतक्या थाटात बसवलेली मी तरी दुसरीकडे पाहिली नाही.

विश्वजीतरावांनी कागद स्वतःकडे फिरवून घेतला. मग म्हणाले, "मॅडम, ह्यात कुठं काही अॅडजस्ट होईल का?"

"अहो, हे मी लिहिलेलं नाही," बाई म्हणाल्या. "ज्यांनी लिहिलं ते आता भेटायचे नाहीत."

आता, या वेळी निंबोळ्याचा ओढा कुठे होता, हेही सांगायला हवं. तो प्रकल्पाच्या खाली होता. पाइपात. कोणाच्या परवानगीने, ते मला ठाऊक नाही, मी जुने कागद वाचतो, नवे वाचायची माझी छाती नाही. एवढं ठाऊक आहे की आदल्या पावसाळ्यात त्या पाइपात न मावलेलं पाणी खालच्या आळीत शिरलं होतं.

त्याच आठवड्यात कार्याध्यक्षांनी मला बोलावलं. केदारजी, आपण त्या दिवशी मला स्वतःच्या हाताने चहा ओतून दिला होता. सदतीस वर्षांत एकदाच. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं. आपण म्हणालात, "श्रीनिवास, मोडी म्हणजे शेवटी अर्थ लावण्याचा भाग. दुसरं मत घ्यायला काय हरकत आहे? विश्वजीतराव आपलं सभागृह वातानुकूलित करून देतायत. आणि तुमच्यासारखा अनुभवी माणूस आणखी दोन वर्षं आम्हाला हवाच आहे."

हेच ते सभागृह. गार आहे ना? छान आहे.

मी दुसरं मत दिलं. ते काय होतं, हे आज पहिल्यांदाच सांगतो, कारण छापलेलं कोणी वाचत नाही, हा मंडळाचा अनुभव आहे. मोडीत ऱ्हस्व आणि दीर्घ वेलांटीत भेद नसतो, त्यामुळे शिव आणि शीव एकसारखंच लिहिलं जातं. इथवर मला पळवाट होती. पण कागदात होतं "शिवेचा". व वर मात्रा, स्वच्छ, ठसठशीत. शंकराचा धोंडा म्हणायचं तर तिथे काना हवा. मी लिहिलं की मात्रा दिसते तो शाईचा डाग आहे, आणि जो काना दिसत नाही तो कसरीने खाल्ला आहे. पुढे "दंड" शब्द होता. मी लिहिलं, हा दंडवताचा संक्षेप. उरलेल्या मजकुराबद्दल लिहिलं, "कागद जीर्ण असल्याने वाचता येत नाही." खाली सही केली. पदव्या लिहिल्या.

हसा. मीही हसलो होतो, घरी जाऊन, आरशासमोर. फार वेळ नाही.

माझं मत छापलेली यात्रेची पुस्तिका बाईंना मिळाली तेव्हा त्या माझ्याशी भांडतील असं मला वाटलं होतं. मी उत्तरं तयार ठेवली होती. संस्थेचं हित, गळकं छत, वगैरे. त्या माझ्या टेबलाशी आल्या, पुस्तिकेचं ते पान उघडून समोर ठेवलं आणि म्हणाल्या, "श्रीनिवास, डाग असेल तर फिकट होतो. भिंगाखाली पाहिलात का तुम्ही?"

मी म्हटलं, "पाहिला."

"मग काही बोलायचं नाही," त्या म्हणाल्या, आणि आपल्या टेबलाशी जाऊन पुढचा कागद उघडला. त्यानंतर वर्षभर त्या माझ्याशी नीट बोलल्या. चहा, पंखा, सुट्ट्या, सगळं. फक्त एकदाही कुठला शब्द मला विचारायला आल्या नाहीत. त्याआधी पस्तीस वर्षं अडलेला शब्द घेऊन त्या माझ्याकडे येत होत्या. आपल्यापैकी जे या कामात आहेत त्यांना कळेल, यापेक्षा जड शिक्षा नाही.

पुस्तिका छापून झाल्यावर त्या एकट्याच निंबोळ्याला गेल्या. मला हे नंतर कळलं. कागदात ओढा आहे, तर ओढा पाहायला हवा, असं त्यांचं म्हणणं. खालच्या आळीत एक म्हातारी उंबऱ्यात शेंगा निवडत बसली होती. सोजरबाई त्यांचं नाव. बाईंनी विचारलं, "ओढा कुठे आहे हो इथे?"

सोजरबाई म्हणाल्या, "ओढा? त्यो काय, त्या लोखंडी झाकणाखाली हाय. कान लावा, ऐकू येतंय."

आणि श्यामलाताई, वय वर्षे अठ्ठावन्न, कडक इस्त्रीची साडी, रस्त्यात गुडघे टेकून झाकणाला कान लावून बसल्या. ऐकू आलं. मग त्यांना घरात नेऊन सोजरबाईंनी भिंतीवरची पाण्याची खूण दाखवली. कमरेच्याही वर होती. "म्हस दावणीलाच बुडाली," त्या म्हणाल्या. "गाठ सुटंना पाण्यात. माझी बोटं आता धरत न्हाईत. मी सोडवत हुते आन ती माझ्याकडं बघत हुती."

बाईंनी पिशवीतून लिप्यंतर काढलं. म्हणाल्या, "तुमच्या आळीबद्दल एक कागद आहे. वाचून दाखवू का?"

ओट्यावर सात-आठ बाया जमल्या. बाईंनी त्याच आवाजात वाचलं. खालील आळीची पिके वाळली, गुरे मेली. सोजरबाईंनी थांबवून विचारलं, "हे कधीचं म्हनायचं?"

"पाचशे वर्षांपूर्वीचं."

"आन गुरं आमचीच?"

"तुमच्याच आळीची."

त्यावर एक बाई म्हणाल्या, "म्हंजे आपण हळद लावतो ती..." सोजरबाई म्हणाल्या, "चिकूल लावायचा हुता. आपल्या आज्या-पणज्या इसरल्या, नायतर त्यास्नी इसरायला लावलं."

आता यात्रेचा दिवस. मी तिथे होतो. मला फेटा बांधला होता. कपाळावर गंध, गळ्यात उपरणं, हातात मी संपादित केलेली पुस्तिका. ड्रोन उडत होता. विश्वजीतरावांच्या डोक्यावर धोंडा होता, तोही मी जवळून पाहिला, फायबरचा होता, आतून पोकळ. अस्सल धोंडा देवळात काचेच्या पेटीत, मानेचा त्रास असल्याने. पाहुण्यांची मान हा नाजूक विषय आहे, मी पुढे जातो.

मिरवणूक वरच्या आळीतून आली, हळदीने सगळे पिवळे झालेले. खालच्या आळीत शिरली आणि सोजरबाईंच्या दारात थांबली. सोजरबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. हातात हळदीचं ताट नव्हतं. पितळी वाटी होती, तिच्यात चिखल. पुरानंतर घराच्या कोपऱ्यात साचून सुकलेला गाळ त्यांनी खरवडून पाण्यात कालवला होता. आळीतल्या प्रत्येक दारात एक बाई आणि एक वाटी.

विश्वजीतराव म्हणाले, "आज्जी, हळद कुठाय?"

"हळद न्हाई. कागदात चिकूल हाय." सोजरबाईंचा आवाज मोठा नव्हता. ताशेवाले आपणहून थांबले. "आन आदी म्हन, चुकलो."

विश्वजीतरावांनी माझ्याकडे पाहिलं. खरंच, श्रोतेहो, त्या गर्दीत त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण कागदाचा जाणकार मी होतो. म्हणाले, "सर, सांगा की ह्यांना."

एवढीच वेळ होती. मी तोंड उघडलं असतं तर सगळं तिथेच सरळ झालं असतं. मी फेटा सारखा केला.

समितीचे कार्यकर्ते पुढे सरसावले. "म्हातारे, बाजूला हो, पाहुणे खोळंबलेत." कोणीतरी वाटीला हात घातला. तेवढ्यात मागून आवाज आला, "हात लावू नका तिला."

गेनबा पाटील. विश्वजीतरावांचे वडील. वय चौऱ्याऐंशी. त्यांना सावलीत खुर्ची दिली होती, ते काठी टेकत गर्दीतून आले. सोजरबाईंसमोर उभे राहिले. म्हणाले, "सोजर, कागदात खरंच तसं हाय?"

"त्या बाईंनी वाचलंय. इचार त्यास्नी."

श्यामलाताई आळीच्या तोंडाशी उभ्या होत्या, छत्री घेऊन. गेनबांनी तिकडे पाहिलं. ताईंनी मान हलवली. हो.

गेनबा मुलाकडे वळले. "इश्वजीत, काचेतला धोंडा आन."

"आबा, तुम्हाला उचलनार न्हाई."

"आन म्हनलं ना."

धोंडा आणायला पंधरा-वीस मिनिटं लागली. काचेला कुलूप, किल्ली समितीकडे. तेवढा वेळ कोणी घरी गेलं नाही. धोंडा आला. नऊ-दहा किलोचा असेल, काळा, एका बाजूने घासून गुळगुळीत झालेला. गेनबांनी पायताण काढलं. दोघांनी धोंडा त्यांच्या डोक्यावर ठेवला आणि हात जवळ धरून राहिले. गेनबा म्हणाले, "सोडा."

सोडला. त्यांची मान थरथरत होती. ते म्हणाले, "चुकलो, सोजर. ओढा बुजवायच्या पहिल्या कागदावर अंगठा माझा हाय. मला ठावं हुतं पानी कुटं जाईल. तुझी म्हस गेली तवा मी समाचाराला आलो न्हाई. तोंड नव्हतं."

सोजरबाईंनी वाटीत बोट बुडवलं आणि त्यांच्या कपाळाला टेकवलं. गाळ भुवईवर ओघळला, त्यांच्या डोळ्यात जाऊ लागला. मग त्यांनीच पदराने तो पुसला. "ठेव खाली आता," म्हणाल्या. "मान मोडंल."

पण गेनबा पुढच्या दारात गेले. आळीत अकरा दारं आहेत. अकराही दारं त्यांनी घेतली. शेवटच्या दारापाशी विश्वजीतरावांनी धोंड्याला खालून हात दिला. तो मुलाचा हात होता की समितीच्या अध्यक्षांचा, हे मी सांगू शकत नाही. मुलाचा असावा. त्या वेळी ड्रोन खाली उतरवलेला होता.

इथे ही गोष्ट संपली असती तर मला आज बोलायला उभं राहावंच लागलं नसतं. पण आपण पुण्यात राहतो.

विश्वजीतरावांच्या कन्या अपेक्षाताई, जाहिरातक्षेत्रात आहेत. त्यांनी मोबाइलवर घेतलेलं ते चित्रण पाहिलं आणि म्हणाल्या, "पप्पा, हे सुपर ऑथेंटिक आहे. असं कोणाकडेच नाही." महिन्याभरात फलक लागले. "पाचशे वर्षांची क्षमायात्रा. चूक मान्य करणारं नेतृत्व." गेनबांचा धोंड्यासकटचा फोटो, त्यांना न विचारता. प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्याचं नाव आता 'क्षमा रेसिडेन्सी' आहे. ओढा अजून पाइपातच आहे. आणि मंडळात पुस्तिकेची सुधारित आवृत्ती आली. समोर टेबलावर जांभळ्या फितीत बांधून ठेवली आहे ती. तिचं प्रकाशन माझ्या भाषणानंतर माझ्याच हस्ते व्हायचं आहे, आणि प्रस्तावनाही माझीच आहे, असं मला तीन दिवसांपूर्वी छापील प्रत वाचून कळलं.

या आवृत्तीत डागाची पुन्हा मात्रा झाली आहे. अभिनंदन. श्यामलाताईंचे आभारही मानले आहेत, छोट्या टायपात. फक्त एक शब्द नवा आहे. "मूळ पाटलांनी स्वेच्छेने गावाची क्षमा मागितली." स्वेच्छेने. आणि "ओढा मोकळा असावा" हे वाक्य तेवढं कसरीने खाल्लं आहे. आमच्या मंडळातली कसर फार शिकलेली आहे.

खासगीत मला सांगण्यात आलं की ही आवृत्ती दुसऱ्या टप्प्याच्या परवानगीला जोडायची आहे, गावाच्या परंपरेचा आदर केल्याचा पुरावा म्हणून. त्या टप्प्याच्या जमिनीतून ओढ्याचा शेवटचा तुकडा जातो, दीडशे पावलांचा, अजून उघडा. जमीन गेनबांच्या नावावर आहे. वर्षभर मुलगा समोर कागद ठेवतो आणि गेनबा अंगठा उठवत नाहीत. त्यांना जेवताना, देवळात, दवाखान्यातसुद्धा विचारून झालं आहे. ते एवढंच म्हणतात, "एकदा दिला अंगठा." आज ते इथे आले आहेत. शेवटच्या रांगेत, खांबाशेजारी. शेजारी सोजरबाई आहेत. दोघं मांजरीहून पीएमपीच्या बसने आले, कारण घरच्या गाडीत बसायचं तर गाडी प्रमुख पाहुण्यांची होती. आबा, उठू नका. बसा.

केदारजी, आपण घड्याळ दाखवताय, ते मला दिसतंय. सात मिनिटं केव्हाच झाली. मी आटोपतो.

श्यामलाताई, मी खोटं लिहिलं होतं. मात्रा मी भिंगाखाली पाहिली होती, ती मात्राच होती. "दंड" म्हणजे दंड. कागद जीर्ण नव्हता, आम्हाला वाचायचा नव्हता. हे मी घरी मनात पुष्कळदा बोललो, पण तुमच्या टेबलापर्यंत नऊ पावलं आहेत, ती मला वर्षभर चालता आली नाहीत. हे पत्र मी आज सकाळी लिहिलं. माझं दुसरं मत मी मागे घेतो आहे, प्रस्तावना माझी नाही, आणि महजराचं संपूर्ण वाचन, श्यामला खासनीस यांचं, एकाही अक्षराच्या फरकाशिवाय, सोबत जोडलं आहे. एक प्रत कार्याध्यक्षांना देतो. घ्या, केदारजी. एक प्रत ज्या कार्यालयात परवानगीचा अर्ज गेला आहे, तिथे सकाळीच पोचवून पोच घेतली. तिसरी आबांसाठी, कोणालाही वाचून दाखवता यावी अशी, मोठ्या अक्षरात. वाढीव मुदतीची माझी नेमणूक आजपासून संपली असं पत्राच्या शेवटी आहे, त्यामुळे मला काढायची तसदी मंडळाला पडणार नाही.

फीत मी सोडणार नाही. कात्री इथे ठेवतो.

विश्वजीतराव, आपण उठून चाललात? वडे अजून यायचे आहेत. बरं, जाताना आबांना बरोबर न्या असं मी म्हणणार होतो, पण ते मान हलवून नाही म्हणतायत. त्यांना निवांत बसू द्या.

ताई, तुम्ही हसताय की काय? छत्तीस वर्षांत मला हे फारसं पाहायला मिळालं नाही, म्हणून खात्री करून घेतो. काय म्हणालात? पत्रात "निवाडा" या शब्दाची वेलांटी चुकली आहे? कोणती? बरं. बरं. आत्ता दुरुस्त करतो. पेन आहे का कोणाकडे?

झालं.

आपण सर्वांनी एवढा वेळ ऐकून घेतलंत, अध्यक्षांनी माइक बंद केला नाही, तंत्रज्ञांनी तो चालू ठेवला, खालच्या दुकानदाराने त्यासाठी वायर उसनी दिली, या सर्वांचा मी ऋणी आहे. नावं घेताना कुणाचं राहून गेलं असेल, पदव्या मागेपुढे झाल्या असतील, वेळेचं भान सुटलं असेल, तर तो या बोलण्याची सवय नसलेल्या माणसाचा दोष समजून पोटात घाला. बाकी जे बोललो ते जाणूनबुजून बोललो. त्याला क्षमा नको. ते इतिवृत्तात लिहून घ्या, आणि श्यामलाताईंकडून तपासून घ्या.

नमस्कार.